डब्यातली माती

आमच्या वन्सं खड्ड्यात बसून जेवतात. हे मी कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, ही नणंदेवरचा जुना राग काढतेय. तसं नाही. त्यांचं कामच ते. लोक जागा घ्यायच्या आधी किंवा घर बांधायच्या आधी वन्संना बोलावतात. वन्सं तिथे माणूस उभा मावेल एवढा खड्डा खणून घेतात, शिडीनं आत उतरतात आणि खड्ड्याच्या चारही बाजू पाहून झाल्या की तळाशीच फतकल मारून पोळी-भाजीची शिदोरी सोडतात. "वरून बघितलं की जमीन पाहुण्यासारखी गोड गोड वागते," असं त्यांचं म्हणणं. "शेजारी बसून दोन घास खाल्ले की मग मनातलं बोलायला लागते."

लहानपणी त्या माती खायच्या, म्हणून घरात त्यांचं नाव ढेकूळ पडलं. पुढे त्याच मातीचं त्यांनी रीतसर शिक्षण घेतलं, आता स्वतःची प्रयोगशाळा आहे, हाताखाली माणसं आहेत. तरी सासूबाई फोनवर अजून "ढेकळा, जेवलीस का गं?" असंच विचारतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वन्संचा धाकच वाटायचा. वयानं माझ्याच बरोबरीच्या, पण प्रश्न असे विचारायच्या की आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. तो धाक कसा गेला आणि त्या जागी काय आलं, ते सांगते.

तेव्हा आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दोन खोल्या, एक गॅलरी, लिफ्टचं नाव नाही. हे बस चालवायचे आणि मी खिडकीशी मशीन टाकून लोकांचे कपडे शिवायचे. सासूबाई एकदा मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी घेऊन घरातल्या घरात त्या चालायलाही लागल्या, पण जिना सुटला तो सुटलाच. दवाखान्यातून आणताना त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी वर चढवलं होतं आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडून लोक बघत उभे होते. घरात आल्यावर त्या म्हणाल्या, "आता मला परत असं कपाटासारखं चढवायचं-उतरवायचं नाही. आता एकदाच उतरेन, ती कायमची." हसत म्हणाल्या, पण त्यानंतर खरोखरच खाली गेल्या नाहीत.

मी शिवलेले कपडे पोचवून आले की दार उघडताना सवयीनं हाक मारायची, "आई, आहात ना?" आणि आतून ठरलेलं उत्तर यायचं, "मी कुठे जातेय बाई? ठेवलीस तिथेच सापडेन." त्यांच्या आवाजात तक्रार नसायची. असती तर बरं झालं असतं, निदान मला उलट बोलता आलं असतं.

म्हणून आम्हाला जमिनीवरचं घर हवं होतं. मोठं नको, देखणं नको. पायरी नसलेलं दार हवं आणि दाराबाहेर सासूबाईंना स्वतःच्या पायांनी जाता येईल असं अंगण. आम्ही दोघं सुट्टीच्या दिवशी जागा बघत फिरायचो आणि संध्याकाळी तोंड पाडून परत यायचो. शेवटी एक जागा आवाक्यातली सापडली. वस्तीच्या टोकाला होती, एका अंगाला बैठी घरं, दुसऱ्या अंगाला नुसतं गवताचं रान. मालकानं वरून लाल मुरूम पसरून सगळं सपाट करून ठेवलं होतं. जागा दाखवणारा एजंट पांढरेशुभ्र बूट घालून आला होता आणि मुरमावरून मांजरासारखा जपून चालत होता.

आता माझं सांगते. माझी बाग म्हणजे गॅलरीतले पत्र्याचे डबे. तेलाचे, रंगाचे, मिळतील ते. डब्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायची, माती भरायची, पाणी घालायचं. मातीबद्दल मला जे काही कळत होतं ते त्या भोकांपाशी सुरू होऊन तिथेच संपत होतं. पण मला वाटायचं, यातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही! त्या जागेच्या मागच्या कोपऱ्यात एका झुडपाआड घुशीनं बीळ करून माती बाहेर लोटली होती. काळीभोर, रवाळ, हातात घेतली की सोडू नये अशी. मी पिशवीभर घरी आणली, एका तेलाच्या डब्यात भरली आणि तिच्यात टोमॅटोचं रोप लावलं. ते असं काही तरारलं की बाकीचे डबे ओशाळले. टोमॅटो लागले तेव्हा मी ह्यांना सांगितलं, "डोळे मिटून घ्या ही जागा." ह्यांनीही डोळे मिटायची तयारी केली. सासूबाईंनी तेवढा टोमॅटो मिठाबरोबर चवीनं खाल्ला, हात पुसला आणि म्हणाल्या, "छान आहे. आता ढेकळाला बोलवा."

वन्सं आल्या. मी बशीत टोमॅटो कापून पुढे ठेवले, आणि ते कुठल्या मातीतले हेही जरा तोऱ्यातच सांगितलं. त्यांनी सगळी बशी संपवली.

"वहिनी, टोमॅटोला पैकीच्या पैकी गुण," त्या म्हणाल्या. "पण तू माती तपासलीस, जमीन नाही तपासलीस. डब्याला तू खाली भोक पाडतेस. जमिनीला कोण पाडणार?"

मला राग आला. माझेच टोमॅटो खाऊन मलाच शिकवतात म्हणजे काय! पण जागेवर त्यांच्याबरोबर गेले आणि राग कुठल्या कुठे गेला. आधी तर त्या आमच्या जागेत शिरल्याच नाहीत. शेजारच्या एकेका घरात जाऊन, "जरा तुमचं दार लावून दाखवता का?" असं विचारत सुटल्या. पावसाळ्यात दार अडकतं का, फरशी कुठे वर आली आहे का, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली आहे का. भलत्या बाईला आपली दारं उघडून-मिटून दाखवताना लोकांना मजा वाटत होती. सगळी दारं गुण्यागोविंदानं लागत होती. मग वन्संनी एक खड्डा पुढे आणि एक मधोमध खणून घेतला.

त्या आत उतरल्या की त्यांचा चेहरा बदलतो. बाहेर कपाळावर आठ्या असतात त्या जातात. सुरीनं त्या खड्ड्याची बाजू हलके हलके खरवडत होत्या, चिमूटभर माती ओली करून तळहातांमध्ये वळत होत्या. वात वळली गेली तर चिकणमाती, तुटली तर नाही. तुटत होती. खाली घट्ट मुरूम होता, पहार टेकवली की ठणकन आवाज यायचा. "एजंटसाहेब, या की खाली," वन्संनी हाक मारली. "जागा विकताय, तर आतून बघा तरी." तो बिचारा पांढरे बूट घेऊन उतरला आणि लाल बूट घेऊन वर आला. मग वन्संनी मला खाली ओढलं. आम्ही दोघींनी तिथे बसून जेवण केलं. आत गारवा होता, आणि डोक्यावर आभाळाचा एक चौकोन. त्या एकेक थर बोटानं दाखवत होत्या, हा मालकानं टाकलेला, हा वाऱ्या-पावसानं आणलेला, हा इथलाच. मी इतकी वर्षं कापडाचा पोत बोटांनी ओळखत आले, पण या बाईची बोटं माझ्या पुढची होती, हे मला घास घेता घेता कबूल करावं लागलं.

वर आल्यावर त्या म्हणाल्या, "घ्या ही जागा. उद्या होकार कळवा."

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. ह्यांच्या ओळखीतल्या एकानं घराचा नकाशा काढून दिला होता, तो मी सासूबाईंपुढे पसरला. मागच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर, शेजारी त्यांची खोली, दोन्हींची दारं अंगणात. त्या नकाशावर बोट फिरवत बसल्या होत्या. मी चहा टाकला, वन्संच्या हातात कप दिला आणि गॅलरीत डोकावले, तर माझा टोमॅटोचा डबा फुटलेला. जागेच्या धावपळीत त्याला पाणी घालायचं राहून गेलं होतं, ते आदल्या दिवशी भरपूर घातलं होतं. आता डब्याची उभी शिवण वरपासून खालपर्यंत उसवली होती आणि काळी माती पोट सुटल्यासारखी बाहेर आली होती.

"कसले गंजके डबे आणता हो!" मी ह्यांच्यावर ओरडले. "चांगला फळलेला डबा फुटला."

वन्संनी कप खाली ठेवला. "कुठला डबा?"

"टोमॅटोचा. दुसरा कुठला!"

"पाणी घालायच्या आधी माती वाळली होती? कडेनं सुटली होती?"

"बोट जाईल एवढी फट पडली होती. म्हणून तर बदाबदा पाणी ओतलं. मरू द्यायचं होतं का झाड?"

वन्सं गॅलरीत जाऊन त्या डब्यासमोर मांडी घालून बसल्या. थोडी माती घेतली, तळहातांत वळली. वात निघाली. आणखी वळली. माझ्या रिळावरच्या दोऱ्याइतकी नसेल, पण काजबटणाच्या जाड दोऱ्याइतकी बारीक झाली तरी तुटेना. तिचं कडं केलं, तरी तुटेना.

"वहिनी, ही माती नक्की कुठली?"

"त्याच जागेतली. झुडपामागची."

"त्या जागेत अशी माती नाही. मी दोन्ही खड्ड्यांत बसले आहे."

"मग घूस खोटं बोलली म्हणा," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. ते कडं तसंच हातात धरून उठल्या. मग आत आल्या आणि सगळ्यांसमोर, सरळ आवाजात म्हणाल्या, "मी चुकले. उद्या होकार कळवू नका. मला तिसरा खड्डा घ्यावा लागेल."

इतक्या माणसांचे कपडे मी शिवते. माप त्यांनीच चुकीचं सांगितलेलं असतं, तरी चूक माझ्या कात्रीची असते. "मी चुकले" हे इतक्या सहज म्हणणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. कौतुक वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच वेळी सासूबाईंचं बोट नकाशावर थांबलं होतं. "म्हणजे नाही का गं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या मनात आलं की मेला तो डबा गपचूप कचऱ्यात टाकला असता तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी झुडपापाशी खणलं. वरचा लाल मुरूम म्हणजे नुसती चादर होती. खाली ती काळी माती, खोल, खोल, संपेचना. तिच्यातून ढेपा निघत होत्या त्यांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या, उन्हात चकाकणाऱ्या. वन्संनी एक ढेप वर माझ्या हातात दिली.

"माती फुगताना-आकसताना स्वतःशीच घासते, तेव्हा अशी चमक येते," त्या म्हणाल्या. "कधीकाळी इथून ओढा जात असणार. तो बुजला, पण त्याची माती राहिली. ती रानातून येते आणि या कोपऱ्यात घुसते. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते, दरवर्षी. तुझ्या डब्याचं जे झालं ते तिनं भिंतीचं केलं असतं. अर्धं घर मुरमावर आणि अर्धं हिच्यावर, म्हणजे घर मधोमध उसवणार."

एजंट वरूनच म्हणाला, "मॅडम, एवढं कुणी बघत नाही. सगळे असंच बांधतात."

"बांधतात ना," वन्सं म्हणाल्या. "मग मला बोलावतात."

तो म्हणाला, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, संध्याकाळपर्यंत काय ते सांगा. हे एका दगडावर डोकं धरून बसले. मला राहवेना. वन्संवर ओरडायचं काही कारण नव्हतं, पण ओरडले. "तुम्ही जाल तुमच्या पुढच्या खड्ड्यात! आईंना मी आणखी किती दिवस त्या खिडकीत बसवून ठेवू?"

वन्संनी पहार उचलली आणि जागेच्या एका टोकापासून सुरुवात केली. पहार मारायची, आवाज ऐकायचा, एक पाऊल सरकायचं, पुन्हा मारायची. मुरमावर ठण्ण, काळ्या मातीत खुपकन. ह्यांनी पहार मागितली तर दिली नाही, "तुला ऐकू येणार नाही," म्हणाल्या. जिथे आवाज बदलेल तिथे मी पांढऱ्या फक्कीची चिमूट टाकायची. ऊन चढलं, उतरलं. जेवायलाही बसल्या नाहीत. शेवटी पहार खाली ठेवली तेव्हा त्यांचे तळहात सोलून निघाले होते. ते बघताना माझ्या डोक्यात एवढा वेळ न शिरलेली गोष्ट शिरली, की ज्यांना मी खिडकीतून सोडवायला निघाले होते, त्या माझ्या सासूबाई असल्या तरी त्यांच्या आई होत्या. मला माझी लाज वाटली आणि मी ती पदराबरोबर खोचून त्यांच्या हातांवर पाणी घातलं.

फक्कीच्या चिमटी जोडल्या तर जागेवर एक तिरकी पांढरी रेघ उभी राहिली. तिच्या अलीकडे मुरूम, पलीकडे ओढ्याची माती. नकाशातलं स्वयंपाकघर सगळं पलीकडे गेलं होतं आणि सासूबाईंची खोली अर्धी.

"एवढ्यात घर बसणार नाही," हे म्हणाले.

आता मात्र माझ्या हातातली गोष्ट होती. कापड कमी पडलं म्हणून मी कधी गिऱ्हाईक परत पाठवलं नाही. पिशवीतून कात्री काढली, नकाशाच्या खोल्या कापून सुट्या केल्या आणि दगडावर मांडायला बसले. मधली बोळ काढून टाकली, बोळीत कोण राहतं? स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीला जोडलं. सासूबाईंची खोली फिरवून तिचं दार रेघेच्या बाजूला, अंगणाकडे केलं. आणि भिंत नि रेघ यांच्यात चांगली ऐसपैस जागा सोडली. शिवणीत आम्ही जादा कापडाचा दाब सोडतोच, नाहीतर कपडा पहिल्याच धुण्यात जातो.

वन्सं वाकून बघत होत्या. एक तुकडा त्यांनी बोटानं किंचित सरकवला, परत होता तिथे आणून ठेवला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे नोकरीला ये."

एजंटाला होकार त्याच संध्याकाळी गेला.

घर झालं. छोटंसं झालं. सासूबाईंना न्यायला खुर्ची आणली तेव्हा त्यांनी आधी विचारलं, "परत वर चढवणार नाही ना?" ह्यांनी नाही म्हटल्यावर, "मग चला," म्हणाल्या. मजल्यामजल्यावर दारं उघडली, लोक बघत होते, आणि या वेळी त्या एखाद्या पुढाऱ्यासारखे हात हलवत उतरल्या.

रेघेपलीकडे माझी बाग. ती सोपी नाही. पहिल्या वर्षी मी डब्याच्या हिशेबानं पाणी घातलं आणि टोमॅटो मुळाशी कुजून मेले. वन्संनी उंच वाफे करायला लावले, ओंजळ-ओंजळ कुजलेला पाला मिसळायला लावला, आणि मोठी झाडं भिंतीपासून लांब रेटली. फुटका डबा त्या घेऊन गेल्या. तो त्यांच्या टेबलावर असतो. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवून सांगतात, "ही आमच्या वहिनीची प्रयोगशाळा. मी दोन खड्ड्यांत बसून जे चुकले ते हिनं सांगितलं." मी समोर असले तर मला कुठे बघावं ते कळत नाही.

उन्हाळ्यात ती जमीन फाटते. हात जाईल अशा भेगा पडतात, रानातून सरपटत आमच्या अंगणात येतात आणि जिथे फक्की टाकली होती तिथे येऊन संपतात. भिंतीला आजवर केसाएवढीही चीर नाही.

परवा मी कपडे पोचवून आले. दार उघडताना नेहमीसारखी हाक मारली, "आई, आहात ना?" उत्तर आलं नाही. पुन्हा हाक मारली. त्यांची खोली रिकामी, खुर्ची रिकामी. मोरीत बघितलं, पलंगापलीकडे बघितलं. अंगणाचं दार उघडं होतं. धावत बाहेर आले, तर सासूबाई पार रानाच्या कडेला, एका उपड्या डब्यावर बसलेल्या, काठी एका भेगेत घालून तिची खोली मोजताहेत.

"अहो आई!" मला धाप लागली होती. "घरभर शोधलं मी तुम्हाला. हाका मारून घसा सुकला."

त्यांनी मान वर केली. ऊन तोंडावर होतं आणि चेहरा नुसता उजळला होता.

"शोधलंस?" त्या म्हणाल्या. "आणि मी सापडले नाही?"